रिकामी धावणारी फेरी भरायची कशी? शेजारगावांच्या एसटीसाठी नव्यानं कामाला लागणाऱ्यांना

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यातला एसटीचा नकाशा बैलगाडीच्या चाकासारखा असतो. सगळे आरे तालुक्याच्या तुंब्याकडे जातात. आपल्या गावाहून तालुक्याला जायला गाडी मिळते, पण पंधरा-अठरा किलोमीटरवरच्या शेजारच्या बाजारगावाला जायचं तर आधी तालुका गाठा, तिथं तासभर बसा आणि मग दुसरी गाडी धरा. अशा दोन गावांना थेट जोडणारी एखादी फेरी कुठं कुठं अजून चालते. तिच्यात पाच-सात माणसं बसलेली असतात. मग एका दिवशी 'भारमान नाही', म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, म्हणून ती बंद होते आणि गावाला ते कळतं थांब्यावर ताटकळल्यावर.

ती बंद पडायच्या आत काय करता येतं, ते इथं क्रमानं सांगतो. माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: चालू फेरी रिकामी जात असताना 'फेऱ्या वाढवा' असं निवेदन देण्यात काही अर्थ नाही. बहुतेक वेळा गाडी कमी पडत नसते, तिची वेळ चुकलेली असते. आधी वेळ दुरुस्त करून घ्यायची, मग गाडी भरून दाखवायची आणि त्यानंतर दुसरी फेरी मागायची. हा क्रम उलटा केला की वर्ष वाया जातं.

पहिलं काम: त्या गाडीत बसा

मोटारसायकल घरी ठेवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन या. बाजाराच्या दिवशी जा, साध्या दिवशी जा, रविवारीही जा. सोबत एक वही ठेवा. गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता आली, किती चढले, किती उतरले, एवढंच लिहायचं. शाळकरी मुलं, बाया, म्हातारी माणसं यांच्या वेगळ्या रेघा ओढल्या तर पुढं फार कामाला येतात.

वाहकाशी आणि चालकाशी बोला, पण चौकशी अधिकाऱ्यासारखं नको. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते आगारातल्या कागदावर नसतं. कुठल्या फाट्यावर माणसं हात दाखवतात पण थांबा नाही, कुठल्या वळणावर गाडी घासते, कुठल्या गावात दहा मिनिटं आधी काळी-पिवळी येऊन सगळ्यांना घेऊन जाते, हे सगळं त्यांच्याकडून कळतं.

तिकीटही नीट पाहून घ्या. त्यावर आगाराचं नाव छापलेलं असतं, आणि शेजारगावांच्या मार्गावर हीच पहिली गोम असते. दोन गावं दोन तालुक्यांत, कधी दोन जिल्ह्यांत असतात. वर्धा नदीच्या अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा. पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. गाडी मात्र एकाच आगाराची असते. दुसऱ्या आगारात कितीही चकरा मारल्या तरी तिथला माणूस 'ती गाडी आमची नाही' एवढंच सांगणार, आणि ते खरंच असतं. विदर्भात एसटीचे विभाग नऊ आहेत: नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ. गोंदिया जिल्हा भंडारा विभागात येतो आणि वाशीम जिल्हा अकोला विभागात. म्हणून कलेक्टर कचेरीच्या हिशेबानं विभाग नियंत्रकाचं कार्यालय शोधू नका.

दुसरं काम: जे बसत नाहीत त्यांना विचारा

गाडीत बसलेल्यांपेक्षा न बसलेल्यांकडून जास्त कळतं. पण पारावर बसलेल्या पुरुषांना विचाराल तर 'गाडी पाहिजेच' असं सगळे म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोटारसायकलवर निघून जातील. ज्यांच्याकडे मोटारसायकल नाही त्यांच्याकडे जा. बचत गटाच्या बैठकीत, चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बायांना, अंगणवाडीत, शाळेच्या फाटकाशी. आशाताईला गावातली सगळी घरं माहीत असतात, त्यांना सोबत घेतलं तर तुमचं निम्मं काम होतं.

प्रश्न थोडे ठेवा. मागच्या महिन्यात त्या गावाला कशासाठी गेल्या होत्या? कशानं गेल्या? जायला किती लागले? तिथं किती वाजता पोचायला पाहिजे होतं आणि परत किती वाजता निघायला? 'गाडी आली तर बसाल का' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं आणि ते कुठंच उपयोगी पडत नाही.

अशीच एक आजी एकदा चक्कीवर म्हणाली होती, "दवाखान्यातली चिठ्ठी बारापर्यंतच फाडतेत, अन् गाडी येते साडेअकराले. मंग मी कायले बसू तिच्यात, सांग!" भारमानाचा सगळा आजार त्या एका वाक्यात आला. गाडी होती, रस्ता होता, आजीला जायचंही होतं. फक्त गाडी दीड तास आधी यायला हवी होती.

म्हणून दोन्ही गावांच्या घड्याळांची एक यादी करा. शाळा-कॉलेज भरायची आणि सुटायची वेळ, प्राथमिक आरोग्य केंद्रातली चिठ्ठीची वेळ, बँकेत गर्दी नसते ती वेळ, आठवडी बाजार भरायची आणि उठायची वेळ, तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून येणाऱ्या मोठ्या गाडीची वेळ. त्याशेजारी सध्याच्या फेरीची वेळ लिहा. पुष्कळदा हा कागद डोळ्यांपुढं आला की कारण शोधायची गरजच उरत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. सकाळी गावातून बाजारगावाकडे जाणारी गाडी भरते आणि परत येताना रिकामी येते. आगार हिशेब करतं तो दोन्ही बाजूंचा. तेव्हा सकाळी उलट्या दिशेनं कोण जातं ते शोधा. बाजारगावात राहून खेड्यातल्या शाळेवर येणारे मास्तर-मॅडम, सिस्टर, ग्रामसेवक, पतसंस्थेतले कर्मचारी. हे सगळे आपापल्या गाड्यांवर येतात, कारण एसटी त्यांना शाळेची घंटा झाल्यावर आणून सोडते. त्यातले सात-आठ जण जरी रोजचे झाले तरी परतीच्या फेरीचा चेहरा बदलतो. दोन बाजारगावं जोडणाऱ्या मार्गाचं खरं बळ हेच आहे. दोन्ही टोकांना बाजार असला, तर त्याचे वार वेगवेगळे असतात. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस दोन्ही बाजूंनी माणसं हलतात.

तिसरं काम: आगाराचा हिशेब शिकून घ्या

आगारात गेल्यावर तीन शब्द कानावर पडतील: भारमान, उत्पन्न आणि नियत. हे कळल्याशिवाय बोलायला बसू नका.

भारमान म्हणजे गाडीत चढलेल्यांची नुसती मोजदाद नव्हे. कोण किती लांब बसला तेही त्यात धरतात. समजा, गाडी ४४ आसनांची आहे आणि मार्ग १८ किलोमीटरचा. पूर्ण गाडी पूर्ण अंतर भरली तर ४४ गुणिले १८, म्हणजे ७९२. आता दहा माणसं टोकापासून टोकापर्यंत गेली (१८०) आणि बारा माणसं अर्ध्या वाटेवर उतरली (१०८), तर बेरीज २८८. भारमान झालं साधारण ३६ टक्के. गाडीत बावीस माणसं दिसली म्हणून तुम्ही 'गाडी अर्धी भरते' म्हणाल, आगार ३६ म्हणेल, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसेल.

उत्पन्नाचा हिशेब दर किलोमीटरमागे होतो. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर लागतं. इथं सवलतींबद्दलचा एक गैरसमज काढून टाकायला हवा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत झाला. अनेकांना वाटतं, अशा प्रवाशांनी भरलेली गाडी तोट्यातच. तसं नाही. सवलतीची रक्कम शासनानं महामंडळाला द्यायची असते, पण ती तिकीट निघालं तरच मागता येते. म्हणून आजोबांनी शून्य रुपयांचं तिकीटसुद्धा मागून घ्यायचं. 'फुकट तर आहे, तिकीट कायले पाहिजे' म्हणून तसेच बसले, तर आगाराच्या यंत्रात ते आसन रिकामं राहतं. दोन-तीन रुपये कमी देऊन विनातिकीट उतरायची जी सवय काही मार्गांवर आहे, ती तर स्वतःची फेरी स्वतःच्या हातानं मारण्यासारखी आहे. हे गावात स्पष्ट बोला.

तिसरा शब्द नियत. एका गाडीला आणि चालक-वाहकाला दिवसभरात ज्या फेऱ्या नेमून दिलेल्या असतात, त्या सगळ्या मिळून नियत. तुमची साडेअकराची फेरी एकटी नसते. ती गाडी त्याआधी कुठून तरी आलेली असते आणि तुमच्यानंतर तिला दुसरीकडे जायचं असतं, वर कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचे तास सांभाळायचे असतात. 'आमची गाडी दहाला करा' एवढंच म्हणाल तर उत्तर मिळेल, 'जमत नाही.' पण पूर्ण नियत मागून घेतली, त्यातल्या दोन फेऱ्यांची अदलाबदल सुचवली आणि ज्या गावाची वेळ बदलते त्या गावालाही विचारून आलात, तर समोरचा माणूस कागद पुढं ओढतो.

भारमानाचे आकडे आणि नियत साध्या अर्जावर मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. मागायचं ते नेमकं मागा: अमुक मार्गाच्या अमुक फेरीचं मागच्या बारा महिन्यांचं महिनावार भारमान, उत्पन्न आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या. हा शेवटचा आकडा सोन्यासारखा आहे. महिन्यातून आठ-दहा वेळा न येणाऱ्या गाडीवर लोकांचा भरवसा बसत नाही, भरवसा नाही म्हणून लोक थांबत नाहीत, आणि लोक थांबत नाहीत म्हणून भारमान पडतं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात खेड्यापाड्यांतल्या माणसांनी दुसरी सोय शोधली ती याच कारणानं, आणि संप मिटल्यावरही त्यातले सगळे परत आले नाहीत.

चौथं काम: रस्ता मोकळा करा

हे काम कुणी सांगत नाही, पण करायला सगळ्यात सोपं आणि लगेच फळ देणारं आहे. आपल्याकडच्या आडरस्त्यांना दोन्ही बाजूंनी बाभळी असतात. पावसाळा सरला की फांद्या रस्त्यावर येतात आणि गाडीच्या बाजूच्या आरशाला, खिडकीच्या काचेला लागतात. काच फुटली तर जाब चालकाला द्यावा लागतो. मग तो एक दिवस फाट्यावरूनच गाडी वळवतो, दुसऱ्या दिवशीही वळवतो, आणि गावात म्हणतात चालक मुजोर आहे. दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून सोयाबीन निघाल्यावर एकदा फांद्या छाटल्या तर ही तक्रार संपते. मोठं झाड असेल तर परवानगी घ्यावी लागते, फांद्यांवरच थांबा.

टोकाच्या गावात गाडी वळवायला जागा आहे का, तेही पाहा. काळ्या मातीत वळवायला गेलेली गाडी पावसाळ्यात चाकभर रुतते. तिथं ग्रामपंचायतीनं मुरूम टाकून घ्यावा. बाजाराच्या दिवशी त्या जागेवर पालं लागणार नाहीत, याचा बंदोबस्तही करावा. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली जात असेल तर 'पाणी असताना गाडी फाट्यापर्यंतच येईल' असं आगाराशी आधीच ठरवून घ्या. म्हणजे पूर्ण पावसाळा फेरी बंद राहत नाही. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे शोधून तो बसला योग्य असल्याचं पत्र घेऊन ठेवा. नवी फेरी किंवा मार्गातला बदल मागताना आगार ते हमखास मागतं.

पाचवं काम: मागणी लहान आणि दोन्ही गावांची

आता कागद. दोन्ही गावांच्या ग्रामसभांचे ठराव एकाच मसुद्याचे असावेत. एका गावानं नऊची आणि दुसऱ्यानं दहाची वेळ मागितली तर काहीच हलत नाही. त्यासाठी आधी दोन्हीकडची चार-पाच माणसं बसवा, त्यात निदान दोन बाया आणि एखादी कॉलेजला जाणारी पोरगी असू द्या. सोबत दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांचं पत्र, त्यात त्या मार्गानं येणाऱ्या मुलामुलींची संख्या.

मागणी अशी असावी की आगाराला एकही जादा गाडी लागू नये: वेळ पाऊण तास अलीकडे घ्या, अमुक फाट्यावर विनंती थांबा द्या, मोठ्या गाडीची वेळ जुळवा, किंवा मधल्या गावात संपणारी फेरी पुढं चार किलोमीटर वाढवा. तीन महिने चालवून पाहा आणि मग भारमान बघू, असं स्वतःहून म्हणा. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घेतल्याशिवाय आगारातून बाहेर पडू नका. आगारात 'प्रवासी राजा दिन' घेतला जातो, त्या दिवशी वरिष्ठ अधिकारी प्रवाशांना भेटतात. तारीख विचारून घ्या आणि वही घेऊन जा.

मुलींच्या शिक्षणासाठी मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या मागास तालुक्यांना मिळालेल्या आहेत आणि विदर्भातले पुष्कळ तालुके त्यात आहेत. तुमचा तालुका त्यात असेल तर निळी गाडी सध्या कोणत्या मार्गानं जाते ते तपासा. काही वेळा ती तुमच्या फाट्यावरूनच जात असते आणि थोडंसं वळण घेतलं तर दोन गावांतल्या मुली तिच्यात बसू शकतात.

रास्ता रोको शेवटी. त्यानं कधी कधी एक गाडी मिळते, पण ती भरायची तजवीज नसेल तर चार महिन्यांनी परत जाते आणि तोवर आगारातल्या माणसांशी बोलणं तुटलेलं असतं.

सहावं काम: बदल झाला की गाडी भरा

खरी मेहनत इथून सुरू होते. नवी वेळ लागू व्हायच्या आधी आठवडाभर गावात सांगा. दवंडी, ग्रामपंचायतीचा भोंगा, व्हॉट्सॲप, जे असेल ते. थांब्याच्या भिंतीवर वेळ रंगवून घ्या, हाताएवढ्या अक्षरांत, दोन्ही दिशांची. कागद चिकटवला तर पहिल्या पावसात जातो.

दोन्ही गावांचा मिळून एक व्हॉट्सॲप गट करा आणि त्यात एकच नियम ठेवा: फक्त गाडीची खबर. 'गाडी फाट्यावर आली', 'आज अर्धा तास उशीर', 'आज फेरी रद्द'. सुविचार आणि वाढदिवस आले की लोक गट बघणं सोडतात. फेरी रद्द झाल्याची खबर आधी मिळाली तर माणूस चिडत नाही, दुसरी सोय करतो आणि उद्या पुन्हा थांब्यावर येतो.

काळी-पिवळी आणि ऑटोवाल्यांशी भांडू नका. ती आपल्याच गावातली पोरं असतात, त्यांच्याही घरी चूल पेटायची असते. त्यांना आधीच भेटा. गाडीची वेळ सोडून बाकी दिवसभर आणि शेवटच्या फेरीनंतर त्यांचीच गरज पडते. फाट्यावर उतरलेल्यांना आतल्या गावात किंवा तांड्यावर न्यायला तेच लागतात. गाडीच्या दहा मिनिटं आधी थांबा साफ करायचा नाही, एवढं त्यांनी मान्य केलं तरी पुष्कळ झालं.

विद्यार्थ्यांचे पास मात्र चुकवू नका. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, बाकी विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. एका मार्गावर किती पास निघाले, हा आगारासाठी पक्का आकडा असतो. शाळेतून एकगठ्ठा यादी दिली की आगार पास शाळेतच पोचवतं, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागा.

चालक-वाहकांकडेही लक्ष असू द्या. एप्रिल-मेच्या उन्हात पारा पंचेचाळीसवर असतो, तेव्हा टोकाच्या गावात गाडी थांबली की त्यांना माठातलं थंड पाणी मिळायला पाहिजे. मुक्कामी गाडी असेल तर झोपायला स्वच्छ खोली, पंखा, संडास-न्हाणी. मुक्कामाची गाडी बऱ्याच गावांतून गेली ती याच कारणापायी. वाहक बाई असतील तर ही सोय आणखीच गरजेची.

वर्षभराची राखण

वेळ बदलली, गाडी भरू लागली, की सगळे सैल पडतात. वही मात्र चालू ठेवा. रोज नको, महिन्यातून एक आठवडा पुरे. गाडी आली का, किती वाजता आली, किती माणसं बसली.

सगळ्यात जास्त जपायचं ते उन्हाळ्याला. शाळा सुटल्या की पासवाले जातात, भारमान पडतं आणि 'शाळा बंद' म्हणून फेरी थांबवली जाते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं राज्यातल्या बाकी शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर ती गाडी आणि तो चालक दुसऱ्या मार्गावर लागलेले असतात आणि आपली फेरी परत यायला जुलै उजाडतो. तोवर मुलामुलींनी कुणाच्या तरी मागं बसून जायची सवय लावून घेतलेली असते, काही मुलींची शाळाच सुटते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे एकदा थांबली ती थांबलीच, अजून तिच्यासाठी माणसं मागणी करतात. थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू करणं किती जड जातं, हे आपल्या भागाला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून एप्रिलमध्येच आगाराला दोन गोष्टी लेखी विचारा: सुट्टीत फेरी बंद करणार असाल तर कुठल्या तारखेपासून, आणि पुन्हा सुरू करणार कुठल्या तारखेला. सुट्टीतही बाजाराच्या दोन वारांना ती चालू ठेवायची मागणी त्याच पत्रात करा, कारण लग्नसराईमुळं त्या दिवशी माणसं हमखास असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासांची यादी, वहीतले आकडे आणि एप्रिलच्या पत्राची पोच घेऊन दोन्ही गावांतली माणसं एकत्र आगारात जा, आणि शाळेची पहिली घंटा व्हायच्या दिवशी गाडी लागणार असल्याचं लिहून घेऊन या.